मदत हवी आहे: भाकरीत जवाचं पीठ कसं बसवावं?

एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) उतरवायचं तर जवातलं बीटा-ग्लुकन (पाण्यात विरघळणारा तंतुमय पदार्थ) रोज किमान ३ ग्रॅम पोटात जायला हवं, म्हणजे साधारण ७५ ग्रॅम पीठ. म्हणून दिवसभराच्या भाकऱ्यांसाठी ज्वारी ७५, जव ७५ असं प्रमाण धरलंय. अडचण थापताना येते. मळलेलं पीठ आधी छान मऊ असतं, पण जव पाणी पीत राहतो. १० मिनिटांत गोळा घट्ट होतो आणि कडा चिरतात. पाणी वाढवलं की भाकरी परातीला चिकटते. उकड काढून झाकून ठेवावी, की एकेक गोळा ऐनवेळी मळावा? कृपया तूप-लोण्याचा उपाय सुचवू नका, त्यातली संपृक्त चरबीच एलडीएल चढवते. आणि चाळायचं नाहीये, कोंडा राहायलाच हवा. ज्यांच्या घरी रोज होते त्यांनी पाण्याचं नेमकं माप सांगा.