कागद दाखवायला काय जातं? जातं, बरंच जातं

मोगरा
काल या मंचावर सह्यकडा यांनी लिहिलं, "भारतात ओळखपत्राशिवाय मत देता येत नाही. अमेरिकेत ते मागितलं की लगेच मतदानाचा हक्क धोक्यात! कागद दाखवायला काय जातं?" दोनदा उत्तर लिहून पुसून टाकलं. ३ नोव्हेंबर २०२६ ला अमेरिकी काँग्रेसची मध्यावधी निवडणूक आहे, म्हणून आज लिहितेच.

बूथवर लायसन्स दाखवायला माझी हरकत नाही. टेक्सासात मी ते दरवेळी दाखवते. पण एप्रिल २०२५ मध्ये हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाने, २२० विरुद्ध २०८ मतांनी मंजूर केलेला सेव्ह ॲक्ट (मतदार नोंदणीचं विधेयक) ओळखपत्रावर थांबत नाही. नाव नोंदवतानाच नागरिकत्वाचा पुरावा आणा, म्हणतो. पासपोर्ट, जन्मदाखला वगैरे. साध्या लायसन्सवर नागरिकत्व लिहिलेलं नसतं. पहिला पासपोर्ट काढायला १६५ डॉलर लागतात.

आणि भारताशी तुलना करायची तर पूर्ण करा. तिकडे बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम बघणारा सरकारी माणूस, दारात येतो, कार्ड फुकट मिळतं. इथे नाव नोंदवणं, घर बदललं की पुन्हा नोंदवणं, सगळं आपल्या गळ्यात. आधीच हेलपाटे, त्यात आणखी कागद.

कॅन्सस राज्याने हे करून पाहिलंय. २०१३ पासून साधारण तीन वर्षांत ३१ हजार जणांची नोंदणी अडकली. खटल्यात कोर्टाला काय आढळलं? १९९९ पासून यादीत शिरलेले परदेशी नागरिक जास्तीत जास्त ३९.

सह्यकडा
३९ तर ३९. मी ग्रीन कार्डासाठी अकरा वर्षं रांगेत काढली. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी बाहेर टेबल लावून नोंदणी चालू होती. फॉर्म भरताना पेन धरलेला हात थरथरत होता. त्या मताची किंमत मला ठाऊक आहे. कुणी फुकटात घुसून ते मारलं तर मला राग येणारच.

आणि तुमच्या बाजूचा आरडाओरडा आठवा. २०२१ मध्ये जॉर्जियाने मतदानाचे नियम कडक करणारा कायदा केला तेव्हा 'जिम क्रो परत आला' म्हणाले, म्हणजे कृष्णवर्णीयांना मतापासून दूर ठेवणारे जुने कायदे. निषेध म्हणून बेसबॉलचा ऑलस्टार सामना अटलांटाहून डेन्व्हरला हलवला. २०२२ च्या मध्यावधीत त्याच जॉर्जियात आगाऊ मतदानाचा विक्रम झाला. लांडगा आला रे किती वेळा?

पाऊलवाट
दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न बघता मतदारसंघांच्या रेषा नव्याने ओढून रिपब्लिकनांसाठी काँग्रेसच्या पाच जास्तीच्या जागांची सोय केली. तिथले डेमोक्रॅट आमदार कोरम (गणसंख्या) मोडायला पळून आले कुठे? आमच्या इलिनॉयमध्ये! इथे १७ पैकी १४ जागा डेमोक्रॅटांच्या, नकाशा बघाल तर पसरलेली शेवई. मी एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, बारा वर्षं टॅक्स भरतोय, मत शून्य. आमच्याबद्दल कधी बोलणार?

मोगरा
पाऊलवाट, इलिनॉयचा नकाशा घाणेरडा आहे. मान्य. मनापासून नाही, पण मान्य. पक्षाच्या फायद्यासाठी रेषा ओढल्या तरी फेडरल कोर्ट बघणार नाही, हे २०१९ पासून ठरलंय, म्हणून सगळ्यांचंच फावतं. एच-वनसाठी वेगळा धागा काढा, मी येईन.

सह्यकडा, लोक चिडून, तासन्‌तास उभं राहून मत देतात म्हणून कायदा बरा ठरत नाही. २५ जून २०१३ ला सुप्रीम कोर्टाने १९६५ च्या मतदान हक्क कायद्याचं पूर्वपरवानगीचं कलम निकामी केलं; त्याने टेक्साससारख्या राज्यांना मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. टेक्सासने आपला अडकलेला ओळखपत्र कायदा त्याच दिवशी लागू केला. त्यात पिस्तुलाचा परवाना चालतो, कॉलेजचं ओळखपत्र चालत नाही! हेही सगळं 'मताच्या किमती'साठीच का?

तळेगावकर
मी भारतातून लिहितोय. बीएलओचं फार कौतुक नको. २०१४ च्या लोकसभेला पुण्यात यादीतून नावं गायब झाली होती, आठवतं का? बाबा शाळेच्या पायरीवर कार्ड हातात धरून बसले. आईचं नाव यादीत, बाबांचं नाही. शाई लावलेलं बोट आई घरी येईपर्यंत पदराआड लपवत होती. खरी गोम यादीत असते, कार्डात नाही.

सह्यकडा
म्हणजे यादी साफ हवीच. हेच तर म्हणतोय मी!

मोगरा
साफ करताना कोण पुसलं जातं ते बघा. माझंच सांगते. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवऱ्याने माझं नवं नाव लिहिलं. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव मधे, लायसन्सवर नवऱ्याचं, मतदारयादीत मधलं नावच नाही. बूथवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बोट फिरवलं, मग 'नावं मिळतीजुळती आहेत' या चौकोनात माझी आद्याक्षरं घेतली. मागे माणसं खोळंबलेली. २०१३ मध्ये टेक्सासातल्याच न्यूएसेस काउंटीच्या न्यायाधीश सँड्रा वॉट्स यांनाही हेच करावं लागलं, लायसन्सवर माहेरचं आडनाव मधे होतं म्हणून. न्यायाधीशाची ही गत!

सह्यकडा
नाव बदलायलाच कशाला हवं होतं? हा तुमचा निर्णय, सरकारचा नाही.

मोगरा
माझ्या नावाचा पंचनामा करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? १९९४ साली साताऱ्यात मला कुणी विचारलं नव्हतं.

पाऊलवाट
माझ्या बायकोने नाव बदललं नाही, तर बँकेत लग्नाचा दाखला मागतात. बदला किंवा न बदला, कागद बाईलाच.

तळेगावकर
सासूबाई अजून माझ्या बायकोला ताटातल्या नावाने हाक मारतात. ती ओ देत नाही.

सह्यकडा
मोगराताई, ते वाक्य मागे घेतो. रात्री हिची फाइल काढली. जन्मदाखल्यावर एक नाव, लग्नाच्या दाखल्यावर दुसरं, नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर माझं नाव आडनावाला चिकटून एकच लांबलचक शब्द झालाय. पासपोर्ट संपलाय. ती वीस वर्षं इथे आहे, एकही निवडणूक चुकवलेली नाही.

पुरावा मागू नये असं मी तरीही म्हणणार नाही. पण मागायचा तर सरकारने तो फुकट द्यावा, निवडणुकीच्या तोंडावर नाही, दोन वर्षं आधी.

मोगरा
मग तो हा कायदा नव्हे. तुमच्या काँग्रेसमनला शब्दशः हेच लिहा. आणि वहिनींचं नाव यादीत कसं छापलंय ते आजच बघा. आमच्याकडे नोंदणी ३० दिवस आधी बंद होते, तुमच्याकडची तारीख वेगळी असेल.