गेंडा भुंग्याच्या शिंगाला कागद फाटतो, कागद चुकला की मी?

माडाखालचा:
नमस्कार मंडळी, फोंड्याजवळ राहतो, चार वर्षं ओरिगामी करतोय. बगळे, बेडूक, कुसुदामा (कागदी फुलांचे गोळे) सगळं करून झालं म्हणून मे महिन्यात हौसेने शिंगवाला भुंगा करायला घेतला. सहा पाय, पुढे दुभंगलेलं शिंग, पाठीवर पंखांची रेघ. बाबा म्हणाले, माडावरचे गेंडा भुंगे आकड्याने ओढून ओढून माझी कंबर गेली आणि तू घरात कागदाचे पाळतोस!

असो. कागद म्हणजे वह्यांना कव्हर घालतो तो खाकी, रोलमधून कापलेला ४० सेंटीमीटरचा चौकोन. बेस, म्हणजे भुंग्याचा कच्चा सांगाडा, होईपर्यंत सगळं बरं चाललं होतं, पण शिंगाजवळ एक क्लोज्ड सिंक आहे (थर न उघडता टोक आत उलटवायचं), तिथे टोक आत दाबलं की टर्रकन फाटतं. तीन कागद गेले. तिसऱ्याला तर टोकावर आधीच पांढरी रेघ दिसत होती तरी मी दाबलं, म्हणजे गाढवपणा माझाच. वर पाऊस सुरू झाल्यापासून घडी टिकतच नाही, रात्री पायांना कपड्यांचे चिमटे लावून झोपतो, सकाळी बघतो तर सहाही पाय फाकवून उताणा.

सरळ फॉइलवाला कागद घेऊ का? बाहेरून मागवला तर पोस्टाचा खर्च कागदाच्या वर जातो.

घडीमोड:
पांढरी रेघ म्हणालास तिथेच उत्तर आहे रे. हल्ली वह्यांच्या खाकी कागदावर बऱ्याचदा प्लास्टिकचा पातळ थर असतो, पाण्याने कव्हर भिजू नये म्हणून. घडी घातली की तो थर तडकतो, एकदा माउंटन (रेघ डोंगरासारखी वर) एकदा व्हॅली (दरीसारखी खाली) असं दोनदा उलटवलं की खालचे धागे पण तुटायला लागतात. कोपरा फाडून बघ, फाटताना काठाला पातळ पापुद्रा ताणला गेला तर प्लास्टिक आहे, तो कागद वह्यांनाच घाल. साधा खाकी हवा, एका बाजूने किंचित चकचकीत आणि उजेडात धरला की बारीक रेघा दिसणारा, पार्सल बांधणारे वापरतात तो. ६० जीएसएमच्या (चौरस मीटरला इतके ग्रॅम) आसपासचा मिळाला तर उत्तम.

दुसरं, मशीनवर झालेल्या कागदाला धाग्यांची एक दिशा असते. चौकोन हलकेच वाकवून बघ, एका बाजूने पटकन वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो. भुंग्यासारखं डावं-उजवं सारखं असणारं मॉडेल असेल तर ती दिशा मधल्या रेघेला समांतर किंवा आडवी ठेव. तिरकी आली तर एका बाजूचे पाय ऐकतात आणि दुसऱ्या बाजूचे ऐकत नाहीत, मग आपण स्वतःलाच दोष देत बसतो.

आणि बटर पेपरच्या वाटेला जाऊ नकोस. ड्रॉइंगवाला घडी झकास धरतो पण उलटवला की रेघेवरच फाटतो, आणि जुलैत त्याच्या लाटा होतात. बेकिंगवाल्यावर सिलिकॉन असतं, गोंद लावायचा झाला तर तोही धरत नाही.

कंदीलवाले काका:
माझं मत वेगळं. मी आकाशकंदील करणारा माणूस, पतंगी कागद हातात घेऊन म्हातारा झालो. तुमच्या त्या भुंग्याला पतंगीच लागतो, एकटा नव्हे, फॉइलच्या दोन्ही बाजूंना चिकटवलेला. स्वयंपाकघरातलं फॉइल घ्यायचं, स्प्रेचा गोंद मारायचा आणि मधून बाहेर असा हात फिरवत कागद बसवायचा, हवा राहता कामा नये. फॉइलचा नेहमीचा रोल ३० सेंटीमीटर रुंद असतो म्हणजे ४०चा चौकोन त्यातून निघत नाही, जोड दिलात तर जोड नेमका पाठीवर येतो हे अनुभवाने सांगतो. केटरिंगचं सामान विकणाऱ्यांकडे रुंद रोल असतो तो घ्या. असा कागद पावसाला भीक घालत नाही, पाय वाकवाल तिथेच राहतो.

घडीमोड:
काका, पाय राहतो खरं, पण फॉइलवर चुकलेली घडी पुसता येत नाही, सुरकुती कायमची. सिंक अजून हाताला बसलेला नाही त्याने फॉइल घेतलं तर भुंगा नाही, चुरगळलेली चांदी होईल. शेवटच्या कॉपीला ठीक.

चणेकाराची_पुडी:
कागदाचं झालं, आता सिंकचं बोलू, कारण मला वाटतं माडाखालच्या, तू टोक *दाबतोयस*. क्लोज्ड सिंक दाबून होत नाही.

ओपन सिंकला आपण कागद मोकळा करतो, टोकाभोवतीचा चौकोन सगळा माउंटन करून घेतो आणि परत मिटतो. क्लोज्डमध्ये तोंड उघडायला बंदी, थर एकमेकांत अडकलेले, म्हणून सगळा ताण एका बिंदूवर जातो. आता जत्रेत चणेकार कागदाची पुडी वळतो ती आठव. तुझं टोक चपटं आहे ना, आधी त्याला तसल्या पुडीसारखं गोल कर. खालच्या बाजूने थरांच्या मध्ये बोथट सुई घालायची (मी लोकरीची जाड सुई वापरतो, दाभण नको, भोक पडतं), हळूहळू फिरवत थर फुगवायचे, टोक उभा शंकू झालं पाहिजे. मग बोटाने शंकूचं नाक आत ढकल, नुसती खळी पडेल एवढंच. खळी पडली की काठ गोल गोल फिरवत खाली घे, मोज्याचा अंगठा उलटा करतो तसं. पूर्ण आत गेलं की मगच चपटं कर. फाटलं तर समज की शंकू पुरता गोल झाला नव्हता.

सगळ्या भुंग्यावर सराव करू नकोस. १५ सेंटीमीटरचा साधा कागद घे, वॉटरबॉम्ब बेस (चौकोन मिटून होणारा त्रिकोण) कर, त्याच्या टोकावर क्लोज्ड सिंक कर. वीस वेळा. मी पावसाच्या एका रविवारी लाईट गेलेली असताना मेणबत्तीवर पस्तीस केले, आई म्हणाली डोळे जातील.

आणखी एक. शिंग कागदाच्या मधून निघतंय का बघ. कोपऱ्यातून निघणाऱ्या पायाला पाव वर्तुळाएवढा कागद लागतो, कडेतून निघणाऱ्याला अर्धं वर्तुळ, मधून निघणाऱ्याला अख्खं. म्हणून मधलं टोक नेहमी जाड. झेरॉक्सच्या ८० जीएसएम कागदाचा एक थर साधारण ०.१ मिलिमीटर धर, शिंगात ३० थर आले तर झाले ३ मिलिमीटर, आणि ते तू आत उलटवायला बघतोयस. तोच कागद ठेवायचा असेल तर ४० ऐवजी ६०चा चौकोन घे, जाडी तीच राहते पण जागा दीडपट मिळते. नव्वदच्या दशकात जपानी आणि अमेरिकन डिझायनर एकमेकांवर कुरघोडी करत पाय-शिंगांचे किडे काढत होते, बग वॉर्सच म्हणायचे त्याला, तेव्हापासून हे जाडीचं दुखणं आहे. तुझं एकट्याचं नाही.

माडाखालचा:
पुडी कळली! शिंग मधूनच निघतंय, बरोबर. कोपरा फाडून बघितला, पापुद्रा आला, म्हणजे प्लास्टिकच. अजून दोन शंका. पंखांपाशी कोलॅप्स करताना, म्हणजे सगळ्या घड्या एकदम मिटताना, एक ठिकाण चपटं बसतच नाही, कागद फुगून राहतो. आणि फॉइल नको तर पावसाचं काय करू?

घडीमोड:
चपटं बसत नाही तिथल्या बिंदूवर जाऊन मोज. एका बिंदूतून जेवढ्या घड्या निघतात त्यात माउंटन आणि व्हॅली यांच्यात बरोबर दोनचा फरक हवा, ४ आणि २, किंवा ५ आणि ३. त्याला माएकावाचा नियम म्हणतात. तुझ्याकडे ३ आणि ३ निघाले तर एक घडी उलटी पडलीय. मोजणी बरोबर असूनही फुगतंय तर कोन बघ, एक सोडून एक कोनांची बेरीज १८० अंश आली पाहिजे, नसेल तर प्रीक्रीज, म्हणजे आधी पाडून ठेवलेल्या घड्यांच्या रेघा, सरकल्यात. पावसात हे होतं, एका दिवशी निम्म्या घड्या घातल्या, चार दिवसांनी उरलेल्या, तोवर कागद धाग्यांना आडवा फुगलेला असतो. प्रीक्रीज एका बैठकीत उरक.

पावसाला उपाय म्हणजे दोन पतंगी कागद सीएमसी नावाच्या पावडरीच्या खळीने एकमेकांना चिकटव. केकवरची साखरेची फुलं करायला ही पावडर वापरतात, बेकिंगच्या सामानाच्या दुकानात विचार. पातळ खिरीएवढी कर, स्वच्छ काचेवर ब्रशने लाव आणि पूर्ण वाळल्यावर कागद सोलून काढ. कुरकुरीत होतो, सुरेख घडी धरतो. पण लाल-हिरवा पतंगी रंग सोडतो, माझे हात चवथीपर्यंत लाल होते. पांढरा घे. आणि सीएमसी स्वतः दमट हवा पिते, तेव्हा चौकोन पावसाआधीच करून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवायचा. या वर्षी उशीर झाला तुला.

कंदीलवाले काका:
म्हणजे फिरून पतंगी कागदावरच आलात.

घडीमोड:
काका 🙏

माडाखालचा:
दीड महिन्याने लिहितोय. सराव सत्तावीस झाले, पहिले नऊ फाटले, मग एकही नाही. पंखांपाशी खरंच ३ आणि ३ निघाले, एक घडी उलटी होती. साधा खाकी फोंड्यात मिळाला नाही, शेवटी मडगावला पार्सलच्या सामानाच्या दुकानातून आणला, ६० सेंटीमीटरचा चौकोन केला. शिंग गेलं आत, पुडी करूनच. पाय अजून थोडे फाकतात, त्यांना आतून किंचित सीएमसी लावून वर इस्त्रीजवळ धरलं. पतंगीवाला दिवाळीनंतर करणार, काकांसाठी.

बाबांनी हातात घेऊन उलटापालटा करून बघितला, पाय मोजले, आणि आकडा आणू का विचारलं.