सॉफमोर अल्बम : दुसऱ्या वेताचा, खोडव्याचा की नुसता ‘दुसरा’?

टिपकागद
एका लेखाचं भाषांतर करतोय आणि पहिल्याच ओळीत गाडी रुतली आहे. लेख अमेरिकन रॅपर कान्ये वेस्टच्या ‘लेट रजिस्ट्रेशन’ या अल्बमवर आहे. (माणसाच्या अलीकडच्या बरळण्यावर इथे नको, हवा तर वेगळा धागा काढा. इथे फक्त २००५ सालचा कान्ये.) मूळ लेखक त्याला ‘सॉफमोर अल्बम’ म्हणतो. मी लिहिलं ‘दुसरा अल्बम’. संपादकबाईंचा शेरा आला : ‘सपक. मुळातलं कॉलेज कुठे गेलं?’

शेरा खोटा नाही. सॉफमोर म्हणजे अमेरिकेत कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असलेला पोरगा किंवा पोरगी. तिथून तो शब्द गायकाच्या दुसऱ्या अल्बमला, लेखकाच्या दुसऱ्या कादंबरीला चिकटला. एरवी मी त्याकडे काणाडोळा केला असता. पण या गड्याच्या पहिल्या अल्बमचं नाव ‘द कॉलेज ड्रॉपआउट’ (२००४), दुसऱ्याचं हे, आणि तिसऱ्याचं ‘ग्रॅज्युएशन’ (२००७). आई शिकागो स्टेट विद्यापीठात इंग्रजीची प्राध्यापिका होती आणि पोराने तिथलंच शिक्षण अर्ध्यावर सोडलेलं. म्हणजे इथे ‘सॉफमोर’ नुसता क्रमांक नाही, टोमणा आहे.

त्याच वाक्यात दुसरा खडा : ‘कमर्शियली सक्सेसफुल’. मी ‘गल्लाभरू’ लिहिलं, तेही खोडलं गेलं. सुचवा.

कळफलक
एसवायचा अल्बम. विषय संपला.

वऱ्हाडी ठेचा
संपला कसा? एसवाय, टीवाय हे तुमच्या मुंबई-पुण्याचं. आमच्याकडे बीए पार्ट वन, पार्ट टू आणि मग फायनल. ‘पार्ट टू अल्बम’ म्हटलं तर लोक पहिल्या भागाचा उरलेला भाग समजतील. अख्ख्या महाराष्ट्राला एकच विद्यापीठ आहे असं समजून भाषांतर करू नका, एवढीच विनंती.

न्यूजर्सीची काकू
माझी लेक इथे दहावीत आहे, तीही सॉफमोर. शाळेतही तेच शब्द : नववीला फ्रेशमन, दहावीला सॉफमोर, अकरावीला ज्युनिअर, बारावीला सीनिअर. अकरावीच्या मुलाला ज्युनिअर म्हणतात हे सासूबाईंना समजावताना माझी पहिली दोन वर्षं गेली. त्यांच्या मते ज्युनिअर म्हणजे केजी.

पण मुद्द्याचं सांगते. बोलताना इथे कुणाला त्या शब्दात कॉलेज ऐकू येत नाही. ‘सॉफमोर अल्बम’ हा घासून गुळगुळीत झालेला शब्द आहे. तुमच्या संपादकबाईंना वास येतो कारण त्या परक्या आहेत.

टिपकागद
काकू, सर्वसाधारणपणे मान्य. पण या अल्बममध्ये मधूनमधून गरीब पोरांच्या एका काल्पनिक कॉलेज-टोळीचे संवाद घातले आहेत, मुखपृष्ठावर कॉलेजच्या खेळात असतं तसलं अस्वल आहे. इथे तरी कॉलेज ऐकू येतंच.

व्युत्पत्तीवेडा
मंडळी, उत्तर शब्दाच्या पोटातच आहे! सोफोस म्हणजे शहाणा, मोरोस म्हणजे मूर्ख. दोन्ही ग्रीक. सॉफमोर म्हणजे शहाणा-मूर्ख. पहिल्या वर्षाचं बावळटपण गेलं, पण अक्कल आली असा नुसता गैरसमज. आता मराठीत याला तयार शब्द आहे की नाही? दीडशहाणा! एक संपलं, दोन पुरे व्हायचेत, मध्ये दीड. ‘रॅपरचा दीडशहाणा अल्बम’. कान्येच्या स्वभावाला तर मापून शिवलेला.

जुनी वही
वाचून हसले, पण व्युत्पत्ती लटकी आहे. शब्द आला ‘सॉफुमर’वरून आणि ‘सॉफम’ म्हणजे ‘सॉफिझम’चंच एक रूप, तर्काच्या वादातली चलाखी. सतराव्या शतकात केंब्रिजमध्ये विद्यार्थ्यांनी असे वाद घालायचे असत. शहाणा-मूर्ख ही नंतर कुणीतरी केलेली गंमत, आणि त्या गमतीनेच शब्दाचं आजचं स्पेलिंग वळवलं असावं, असं मानतात.

व्युत्पत्तीवेडा
म्हणजे गमतीने शब्द बदलला. मग गंमत खरी झाली की!

पाचट
शिरोळ तालुक्यातनं बोलतोय. तुम्ही कॉलेजात कशाला शिरताय? दुसऱ्याला आमच्याकडं शब्दांची ददात नाही. ऊस लावला की ती लावण. तोडणी झाली की त्याच बुडख्यातनं फुटून येतो तो खोडवा. त्याच्या पुढचा निडवा. पहिला अल्बम लावण, दुसरा खोडवा. लिहा आणि झोपा.

टिपकागद
शब्द गोड आहे, पण एक शंका. खोडव्याचा उतारा लावणीपेक्षा कमी पडतो ना? याचं उलटं झालं. पहिल्या अल्बमच्या पहिल्या आठवड्यात ४ लाख ४१ हजार प्रती गेल्या, दुसऱ्याच्या ८ लाख ६० हजार. बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, थेट पहिला नंबर. पुढच्या वर्षी रॅप अल्बमचं ग्रॅमीही मिळालं.

पाचट
उतारा कमी पडतो तो आळशाचा. तोडणी झाल्या झाल्या बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट पेटवू नका, सरीत दाबा, खत वेळेत घाला. लावणीच्या तोडीस तोड येतो. आणि नांगरट, बेणं, लागणीची मजुरी वाचली ती वेगळीच. खोडवा म्हणजे कमअस्सल ही समजूत ज्यांनी ऊस फक्त रसवंतीत बघितला त्यांची.

जुनी वही
पाचटराव, शेती मान्य, रूपक अमान्य. खोडवा जुन्याच खोडातून फुटतो. म्हणजे पहिल्या अल्बममधून उरलेल्या मालावर दुसरा काढला, असा अर्थ होईल. टिपकागद, तसं आहे का?

टिपकागद
अगदी उलट. पहिल्या अल्बमची रीत चालली होती : जुन्या गाण्याचा तुकडा उचल, वेग वाढव, आवाज चिरका कर, त्यावर रॅप. तीच घेऊन दुसरा सहज काढता आला असता आणि तो खपलाही असता. त्याऐवजी त्याने जॉन ब्रायन नावाच्या सिनेसंगीतकाराला बोलावलं. त्या बाबाचा हिप-हॉपशी तोवर संबंध नव्हता. मग व्हायोलिनांचा ताफा, पितळी वाद्यं, घंटा, सगळं आलं. तुकडे उचलणं सुटलं नाही म्हणा. यातल्या ‘गोल्ड डिगर’ या गाण्यात रे चार्ल्सचं १९५४ चं गाणं आहेच. ‘गोल्ड डिगर’ दहा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. पण एकूणात रान नव्याने नांगरलेलं.

पाचट
मग खोडवा नाही. आंतरपीक म्हणा.

गोठ्यावरची
बाईमाणसाला विचारलं असतं तर पहिल्या झटक्यात मिळालं असतं. दुसऱ्या वेताचा अल्बम. पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच व्यालेली म्हैस घ्यायला बाजारात कुणी धजत नाही. दूध किती देईल सांगता येत नाही, हात लावू देईल का तेही नाही. दुसऱ्या वेताची बघून घ्यायची. कास भरलेली, अंगावर धरती झालेली, आणि दूध पहिल्यापेक्षा जास्त. तुमचा आकडाही दुप्पट झालाय ना? मग आणखी काय पाहिजे?

माझे वडील म्हशीचे दात आणि शिंगावरची वळी बघून वेत सांगायचे. एकदा गड्याने चौथ्या वेताची दुसऱ्या वेताची म्हणून गळ्यात मारली, तो किस्सा मोठा आहे, नंतर सांगीन.

कळफलक
‘कान्ये वेस्टचा दुसऱ्या वेताचा अल्बम’. हे छापून आलं तर मी अंक विकत घेईन.

संस्कृतप्रेमी
काय चालले आहे? एका कलावंताच्या निर्मितीस म्हैस? ‘पदार्पण’ हा शब्द रूढ आहेच. त्या धर्तीवर ‘द्वितीयार्पण’ करता येईल. आणि ‘अल्बम’ हा तरी कशाला? ‘गीतसंपुट’ म्हणावे. ‘रॅपर’साठीही शब्द घडवावा लागेल. चित्रपट, दिग्दर्शक, महापौर हे सावरकरांचे शब्द आरंभी हास्यास्पदच ठरवले गेले होते. आज त्यांवाचून कुणाचे अडत नाही असे नाही.

वऱ्हाडी ठेचा
द्वितीयार्पण ऐकून असं वाटलं की कुणीतरी दुसरा पाय ठेवला. पहिला अजून उंबऱ्याबाहेरच आहे.

जुनी वही
सावरकरांच्या शब्दांपैकी टिकले तेवढेच आपण मोजतो. जे टिकले नाहीत त्यांची यादी कुणी करत नाही. आणि शुद्धीचं म्हणाल तर ‘भाषाशुद्धिविवेक’ लिहिणारे कवी स्वतः फारसीचे प्राध्यापक होते आणि टोपणनाव लावत ‘माधव जूलियन’. त्या नावात शुद्ध काय आहे ते शोधून सांगा.

संस्कृतप्रेमी
टोपणनावावरून विचाराची पारख करू नये. आपलेही ‘जुनी वही’च आहे आणि त्यात ‘वही’ कुठून आली ते आधी सांगा.

न्यूजर्सीची काकू
रॅपरवरून आठवलं. मराठीत तो शब्द लिहिला की चॉकलेटचा कागद आणि गाणारा माणूस एकच दिसतो. पुतण्याने गावाकडे मेसेज केला होता, ‘काकू, मी रॅपर होणार.’ जाऊबाईंचा उलट मेसेज, ‘कशाचा?’

व्युत्पत्तीवेडा
दुसऱ्यासाठी खरा मराठी शब्द अजून कुणी काढलाच नाही. बीज! द्वितीयेचं प्राकृतातून झालं बीज. भाऊबीज, तुकाराम बीज. यातल्या बीजेचा पेरायच्या बीजाशी काही संबंध नाही. आणि त्यावरूनच बिजवर, म्हणजे दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा. पहिली बायको गेली, आता पुन्हा मुंडावळ्या. ‘बिजवर अल्बम’ म्हणा. यशस्वी होईल की नाही अशी धाकधूकही त्यात आली.

गोठ्यावरची
बिजवराला धाकधूक नसते हो. धाकधूक त्याला दिलेल्या पोरीला असते. माझी आत्या दुसरेपणावर दिलेली. आयुष्यभर तिच्या ताटापुढे पहिलीचा फोटो. तुमच्या रॅपरच्या दुसऱ्या अल्बमचं असंच होत असेल, सारखी पहिल्याशी तुलना. पण हा शब्द हसत हसत वापरायचा नाही, एवढं सांगते.

व्युत्पत्तीवेडा
चुकलो ताई. मागे घेतो.

टिपकागद
मंडळी, ‘लेट रजिस्ट्रेशन’चंही जरा बघा. कंसात अर्थ द्यायचा आहे. ‘विलंबित नोंदणी’ असं मनात आहे.

कळफलक
अरे, ते जन्मदाखल्याचं वाटतं. एक वर्ष उलटून गेलं, आता प्रतिज्ञापत्र आणा, दोन साक्षीदार आणा.

तंबोरा
विलंबित म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकतालच सुरू झाला. अर्धा तास एकच आवर्तन घोळवत बसलेला कान्ये वेस्ट. तो धांदलीतला माणूस आहे, द्रुतच्या खाली यायचा नाही.

वऱ्हाडी ठेचा
आपल्याकडे परीक्षेच्या फॉर्मला नियमित शुल्क, विलंब शुल्क, अतिविलंब शुल्क असे तीन टप्पे असतात. मी तिन्ही भरलेत. ‘विलंब शुल्कासह’ हेच त्या अल्बमचं मराठी नाव. त्यात खिडकीसमोरची रांगही दिसते.

गोठ्यावरची
शाळेत नाव घालतात. ‘उशिरा नाव घातलं’ एवढं साधं का नको?

टिपकागद
हे फारच आवडलं. अल्बममध्ये आईसाठी एक गाणं आहे. नाव घालायला आईच नेते ना बोटाला धरून. घेतो.

आणि ‘गल्लाभरू’चं काय?

जुनी वही
गल्लाभरू म्हणजे शिवी. गल्ला भरायच्याच हेतूने काढलेला, पिटातल्या शिट्ट्यांसाठी. यश हेतूत असतं की निकालात, हा फरक आहे. ‘व्यावसायिक’ही फसवा. व्यावसायिक नाटक आणि व्यावसायिक वाहन यांत एकच शब्द दोन कामं करतो. ‘धंदेवाईक’ तर त्याहून वाईट. मी ‘हातोहात खपलेला’ लिहीन.

संस्कृतप्रेमी
‘खपणे’ला मरणे असाही अर्थ आहे. पानिपतावर लाख बांगडी फुटली तेव्हा माणसे खपलीच.

जुनी वही
आणि कष्टाने खपणे हा तिसरा. एका शब्दात विक्री, मरण आणि मेहनत. रॅपच्या सगळ्या धंद्याचं वर्णन झालं, आणखी काय हवं?

मुळामुठा
दुसऱ्या अल्बमचं इतकं चाललंय तर घरचा दाखला घ्या. पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन. पहिला अल्बम ‘तडीपार’ (२०२०), दुसरा ‘इन्सान’ (२०२२). पहिल्याचं नाव बघा, थेट पोलीस ठाण्याच्या फळ्यावरचं. मात्र हद्दपार आणि तडीपार यांत फरक काय, हे मला कुणी नीट सांगितलेलं नाही.

व्युत्पत्तीवेडा
तड म्हणजे काठ, नदीची कड. तडीपार म्हणजे काठापलीकडे. आणि गंमत अशी, ‘काम तडीस नेलं’ मधलीही तड तीच! एकाला काठाला लावलं म्हणजे कौतुक, दुसऱ्याला काठापलीकडे टाकलं म्हणजे शिक्षा.

मुळामुठा
पण कायद्याच्या मराठीत तर हद्दपारच लिहितात ना? नोटिशीवर ‘हद्दपार’ आणि गल्लीत ‘तडीपार’. आमच्या वस्तीत तडीपार झालेला परत आला की बॅनर लागायचा.

वऱ्हाडी ठेचा
आमच्याकडेही तडीपारच. हद्दपार म्हटलं की इतिहासाच्या पुस्तकातला राजा आठवतो.

संस्कृतप्रेमी
‘हद्द’ अरबी आहे, हे नमूद करतो.

कळफलक
नमूद फारसी आहे, हेही नमूद करा.

टिपकागद
लेख काल दिला. संपादकबाईंनी शेवटी ‘दुसरा’च ठेवला. दुसऱ्या वेताचा लिहून पाठवला होता, त्यांनी फोन करून विचारलं की मूळ लेखात म्हैस कुठे आहे. ‘उशिरा नाव घातलं’ मात्र राहिलं. ‘हातोहात’ राहिलं, ‘खपलेला’ गेलं, त्या जागी ‘विकला गेलेला’ आलं.

जुनी वही
‘दुसरा’ला इतकं हिणवू नका. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा आला १८३१ मध्ये. पण आपण सगळे ज्याची पानं उलटतो तो १८५७ चा, दुसऱ्या आवृत्तीचा. त्याला कुणी सॉफमोर म्हटलं नाही.

कळफलक
पाचटराव, एक राहिलं. तिसरा अल्बम निडवा, हे कळलं. चौथ्याला काय म्हणता?

पाचट
चौथ्याला आम्ही काही म्हणत नाही, नांगर घालतो. तुमच्या गड्यानं काय केलं?

टिपकागद
२००८ मध्ये रॅप जवळजवळ सोडून मशीनमधून आवाज काढून गायला लागला.

पाचट
बरोबर आहे मग.