तुमची वस्तू कोणती, आणि ती तुम्हाला कुठवर घेऊन गेली?

लहानपणाच्या आठवणी निघाल्या की गोळ्या-बिस्किटांची नावं निघतात, सगळे 'हो हो' म्हणतात आणि गप्पा तिथेच संपतात. इथे जरा वेगळं लिहूया. एकच वस्तू निवडा. ती कशी मिळाली, कुणी करून दिली, कुणाबरोबर वाटून घ्यावी लागली आणि तिच्या जोरावर तुम्ही घरापासून किती लांब हिंडलात, ते सांगा. माझं मत आधीच मांडतो: वस्तू फार थोड्या होत्या, पण प्रत्येक वस्तूमागे हिंडायला मुलूख होता. आता मुलांच्या खोल्या भरलेल्या असतात आणि मुलूख पार्किंगच्या गेटपाशी संपतो. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर जरूर लिहावं.

सुरुवात माझ्यापासून.

मिरज

माझी वस्तू भाड्याची होती. तासावर मिळणारी छोटी लाल सायकल. दुकानदार मळक्या वहीत नाव आणि वेळ लिहायचे. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर घातलेले असत. लहान सायकली दोनच, त्यामुळे रविवारी सकाळी शटर उघडायच्या आधीच पोरं पायरीवर बसलेली. तासाचे पैसे तिघांत वाटून घ्यायचो, म्हणजे वाट्याला वीसेक मिनिटं यायची, आणि उरलेला वेळ कॅरियर धरून मागे पळायचं.

जायचो कुठे, तर स्टेशनाकडे. मिरज जंक्शनवर तेव्हा तिन्ही रुंदीचे रूळ होते. पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगावकडे मीटरगेज आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडे जाणारी छोटी नॅरोगेज, बार्शी लाइट. पुलावर सायकल टेकवून आम्ही तिन्ही प्रकारच्या गाड्या दिसेपर्यंत हलायचो नाही. नॅरोगेजचे डबे इतके लहान, की खाली जाऊन हात लावला तर आपल्याशीच खेळायला येतील असं वाटे. उशीर झाला की जादा पैसे भरावे लागत, म्हणून परत येताना जो जोरात चालवतो तोच सीटवर. घरी कुणी विचारलं नाही, कुठे होतात. जेवायच्या वेळेला आलो म्हणजे झालं.

कोल्हापूर, आता ठाणे

आमच्याकडे भिंतीवर सिनेमाचं चित्र पाडायचं 'मशीन' होतं. थोरल्या भावानं केलेलं, त्यामुळे मालक तो, आणि मी दारावरचा माणूस.

करायचं कसं ते सांगतो. उडालेला बल्ब घ्यायचा, मागची पितळी टोपी आणि आतली काच हलक्या हातानं फोडून काढायची, आणि पोकळ झालेल्या बल्बमध्ये स्वच्छ पाणी भरायचं. हे झालं भिंग. बुटाच्या खोक्याला पुढून भोक, मागून भोक. मागच्या भोकापाशी फिल्मचा तुकडा उलटा धरायचा, कारण भिंतीवर चित्र उलटं पडतं. अंगणात एक जण आरसा घेऊन उन्हात उभा. त्यानं ऊन बरोबर खोक्याच्या भोकात सोडायचं. खोलीच्या खिडक्यांना घोंगड्या, समोर आजोबांचं धोतर ताणून बांधलेलं. सूर्य सरकला की आरशावाल्याला ओरडायचं, 'डावीकडं घे रं!'

फिल्मचे तुकडे थिएटरच्या मागे मिळायचे. रीळ तुटलं की ऑपरेटर चार-सहा फ्रेम कापून टाकत. त्यासाठी आम्ही गावभर हिंडायचो, एका टॉकीजवरून दुसऱ्या टॉकीजवर. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी 1918 मध्ये स्वतःचा कॅमेरा तयार केला, त्या गावात पोरांना हे वेड असायचंच. चित्र हलायचं नाही. नुसता नायिकेचा चेहरा, निळसर, कडेनं सप्तरंगी, आणि बल्बमधल्या पाण्यात बुडबुडा असला तर तोही तिच्या कपाळावर. प्रवेशाला काडेपेटीचा एक छाप किंवा दोन गोट्या. आज माझ्या घरी भिंतभर टीव्ही आहे. पण उन्हानं धोतरावर चेहरा उमटला की सगळी खोली एकदम गप्प व्हायची, ते मी पुन्हा कुठे पाहिलं नाही.

नागपूर, महाल

आमचा नंदी. तान्ह्या पोळ्याला न्यायचा लाकडी बैल, चार चाकांचा, पुढे दोरी. मोठ्यांचा पोळा अमावस्येला, आणि दुसऱ्या दिवशी आम्हा पोरांचा. ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 साली सुरू केली असं आमच्याकडे सांगतात.

नंदी आजोबांचा होता, मग काकांचा, मग माझा. दरवर्षी नवा रंग दिल्यामुळे त्याच्या पाठीवर रंगाचे थर साचले होते. शिंगाचं टोक उडालं तिथे हिरवा, पिवळा, पांढरा असे सगळे थर दिसायचे. आई त्याच्यासाठी जुन्या साडीच्या काठाची झूल शिवायची. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली सगळे नंदी रांगेत, काही माझ्या तळहाताएवढे, काही ओढायला दोन माणसं लागतील असे. पूजा झाली की दोरी धरून घरोघर. प्रत्येक घरी बोजारा मिळायचा, कुणी चार आणे, कुणी रुपया. त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक, निघते, त्यामुळे रस्त्यात ही गर्दी. त्या गर्दीत आम्ही एकटे, नंदी कडेवर घेऊन, ओळखीच्या-अनोळखी कुणाच्याही दारात उभे राहायचो. माझा मुलगा पुण्यात वाढतोय. नंदी त्याच्याकडे आहे, बोजारा मागायला दारं नाहीत.

केज, जि. बीड

मत पटत नाही त्यांनी लिहावं म्हणालात, म्हणून लिहितो.

आमचा मुलूख फार मोठा होता. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक यायचा आणि आम्ही ऊस तोडायला कोल्हापूर-सांगलीकडे. आई-बापाचा एक कोयता, म्हणजे तोडणीची एक जोडी. पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहायचं, पहाटे थंडीत फडात जायचं, धाकटीला सांभाळायचं, वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधायच्या. शाळा सुटली ती उन्हाळ्यापर्यंत. त्या हिंडण्याला मोकळेपण म्हणवत नाही मला.

पण वस्तू होती. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी. आमच्याकडून निघताना मी वाळलेली ताटं कापून पोत्यात भरून न्यायचो. दातानं साल सोलायची, ती लांब आणि चिवट निघते. आतला पांढरा भेंड बोटभर लांबीनं कापायचा. मग सालीची टोकं भेंडात टोचून जोडत जायचं: जू, साटा, दांड्या, चाकाचे आरे. एक खिळा नाही, दोरा नाही, डिंक नाही. सालीनं बोट कापतं, बारीक पण खोल. बैल करणं अवघड, मला ते आजीनं शिकवलं होतं. फडात बापाची खरी गाडी उसानं भरायची आणि बांधावर मी माझ्या गाडीत पाचटाच्या काड्या भरायचो, मोळ्या मोजून. बाप जाता जाता म्हणायचा, 'मागं वजन झालं, पुढं सारक.' तो माझ्याशी खेळला तो एवढाच.

मी आता शिक्षक आहे. वर्गात ही गाडी करायला शिकवतो.

शिरोळ

केजच्या दादांना: आमच्या मळ्याच्या कडेला कोप्या पडायच्या. चिपाडाची गाडी मला त्या मुलांनीच शिकवली. आमच्या शिवारात सगळा ऊसच, ज्वारी नावाला. त्यांनी त्यांच्या पोत्यातली ताटं मला दिली होती. हे इतक्या वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या वर्गातल्या मुलांना माझा नमस्कार सांगा.

डिचोली, गोवा

काजूच्या बिया. मार्च-एप्रिलमध्ये त्याच आमचे पैसे. पडलेला बोंडू उचलायचा, बी पिळून खिशात, बोंडू तोंडात, आणि शर्टावर पडलेला डाग कायमचा. अंगणात बिया ओळीनं मांडून लांबून मोठ्या जड बीनं नेम धरायचा. जिंकलेल्या बिया वाण्याकडे दिल्या की तो तोलून खाऊ द्यायचा. झाडं कुणाची ते ठाऊक असूनही सकाळी कुणी हटकत नसे, खाली पडलेलं पोरांचं, असा सरळ हिशेब होता.

लालबाग, आता कराड

बॉबिन. बाबा कापड गिरणीतून सूत गुंडाळायच्या, खराब झालेल्या लाकडी बॉबिनी आणायचे. तीन उभ्या केल्या की स्टंप, आडवी ढकलली की गाडी, आणि बॅट म्हणजे आईचं धोपटणं. चाळीच्या गॅलरीत खेळायला जागा ती किती, पण बॉल खालच्या मजल्यावर गेला की खालचे खेळायचे आणि मग वर फेकायचे.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. भोंगा थांबला. काही महिन्यांनी आम्हा भावंडांना आईसकट गावी धाडलं. तिथे मला विहीर मिळाली, पाठीला भोपळा बांधून शिकलेलं पोहणं मिळालं, विटी-दांडू आणि त्यातली 'वकट, लेंड, मुंड' ही मोजणी मिळाली, दिवेलागणीपर्यंत कुणी हाक मारत नव्हतं. माझे सर्वांत मोकळे दिवस ते. बाबा मुंबईत उधारीवर जगत होते तेच दिवस. दोन्ही एकाच वेळी खरं आहे आणि मला ते वेगळं काढता येत नाही. बॉबिन एक उरली आहे, तिच्यावरचं तेल अजून हाताला लागतं.

अहिल्यानगर जिल्हा

मुलींचं कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून लिहिते. गोट्या, सूरपारंब्या, डबा ऐसपैस, सगळं मी खेळले, पण सातवीपर्यंत. मग एके दिवशी 'आता मोठी झालीस' एवढं वाक्य आलं आणि अंगणाची कड ठरली. भावाला कुणी वाक्य ऐकवलं नाही.

हायस्कूल शेजारच्या गावात होतं म्हणून भावाची जुनी सायकल मला मिळाली. उंच, मधल्या दांडीची. परकर आवरून दांडीखालून पाय घालून वाकडी चालवायचे. चेनमध्ये कापड अडकू नये म्हणून आईनं काठाला नाडी ओवून दिली होती, ती घट्ट आवळायची आणि निघायचं. पाटाच्या कडेनं आम्ही चौघी-पाचजणी जायचो, मोठ्यानं गाणी म्हणत. त्या रस्त्यावर आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून हसताना तोंडावर हात जायचा नाही. माझा मुलूख म्हणाल तर तोच, शाळा आणि घर यांच्या मधला. आई रोज हवा बघायची चाकातली. तिनं स्वतः कधी सायकल चालवली नाही.

सावंतवाडी

चितार आळीतली लाकडी फळं, रंगवलेला आंबा, केळं, सीताफळ, आणि भातुकलीतलं जातं नि चूल. माझी केळी इतकी खरी, की पाहुण्यांची लहान मुलं चावायची आणि दातांच्या खुणा राहायच्या. तेवढंच लिहायचं होतं.

पुणे, कसबा पेठ

दिवाळीतला किल्ला. तो कुणा एकाचा कधीच नसतो, पण मी माझाच म्हणणार. दगड-विटांचा ढीग, वर भिजवलेलं पोतं, त्यावर चिखल. माती आणायला आम्ही पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जायचो, घमेलं डोक्यावर. कुंभारवाड्यात किल्ल्यावर मांडायची मातीची चित्रं मिळायची. मावळा दारापेक्षा उंच, गुहेतला वाघ घोड्याएवढा, आणि महाराज सगळ्यांत वर. रात्री किल्ल्यात पणती लावली की शेजारच्या वाड्यातली पोरं बघायला यायची, आणि आम्ही त्यांचा बघायला.

गेल्या दिवाळीत सोसायटीतल्या मुलांबरोबर पुन्हा केला. करायचा असेल त्यांच्यासाठी: माती नर्सरीत पोत्यानं मिळते. अळीव वसुबारसेच्या चार दिवस आधी टाका, मोहरी त्याच्याही आधी. पाणी ओतू नका, हातानं शिंपडा, नाहीतर उतारावरची माती वाहून जाते. जिना कोरायचा तो चिखल अर्धवट सुकल्यावर, चमच्याच्या दांड्यानं. आणि पार्किंगचा कोपरा सेक्रेटरींकडे आत्ताच मागून ठेवा, नंतर तिथे कुणाची तरी गाडी उभी राहते.