शब्दचर्चा: ‘माझुर्का’ की ‘माझुरेक’?

प्रश्न: पोलिश संगीतकार शोपँच्या पियानोरचनांविषयी मराठीत लिहिताना ‘माझुर्का’ हे एका नाचाचे नाव वापरले जाते, परंतु एका पोलिश स्नेह्यांच्या तोंडी ‘माझुरेक’ असा शब्द ऐकला. यांतला मूळ शब्द कोणता आणि त्या नाचाचे स्वरूप कसे असते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर: आपले स्नेही म्हणतात तेच बरोबर आहे. मूळ शब्द ‘माझुरेक’ असा पुल्लिंगी असून ‘माझुर्का’ हे त्याचे विभक्तीत होणारे रूप आहे. आपल्याकडे ‘कापूस’ला प्रत्यय लागताना ऊ गळतो आणि ‘कापसाला’, ‘कापसाचा’ अशी रूपे होतात; ‘माझुरेक’मधला ए नेमका तसाच गळतो. एखाद्या परक्याने ‘कापसाचा भाव’ हे शब्द ऐकून ‘कापसा’ हेच मूळ नाम समजावे, तसे या शब्दाचे पश्चिम युरोपात झाले, आणि शेवटी आ आहे म्हणून फ्रेंच व इटालियन भाषांनी त्याला स्त्रीलिंगीही करून टाकले.

याहून मला भावणारी गोष्ट निराळीच आहे. आपण ‘घर पाहिले’ म्हणतो, पण ‘माणसाला पाहिले’ म्हणतो. कर्म सजीव असेल तर मराठी सहसा त्याला ‘ला’ जोडते. पोलिशमध्येही पुल्लिंगी नामांबाबत सजीव-निर्जीव असा भेद आहे, सजीव नाम कर्म झाले की त्याचे रूप बदलते, आणि त्यात नाचांची नावे चक्क सजीवांच्या पंक्तीला बसतात. म्हणूनच ‘माझुरेक नाचणे’ असे म्हणताना पोलिश माणूस ‘माझुर्का’ हे रूप वापरतो.

‘माझुर’ म्हणजे वॉर्सा शहराभोवतालच्या माझोफ्शे प्रांतातला माणूस, आणि ‘माझुरेक’ हे त्याचे लघुत्वदर्शक रूप. उत्तरेकडच्या सरोवरांच्या प्रदेशालाही माझुरी म्हणतात, कारण तिथे माझोफ्शेतून गेलेले लोक वसले. नाचाचे घर मात्र माझोफ्शेच मानावे. वेगवान आणि गिरक्यांचा ओबेरेक व संथ, काहीसा उदास कुयाव्याक ही याच कुळातली भावंडे होत.

नाच तीन मात्रांचा आहे, तरी त्याला वॉल्ट्झ या तीन मात्रांच्याच युरोपीय नाचासारखे समजू नये. पुष्कळदा पहिल्या मात्रेचे दोन तुकडे पडतात, पुढच्या दोन मात्रा सलग येतात आणि जोर दुसरीवर किंवा तिसरीवर पडतो. ऐकणाऱ्याचे पाऊल पहिल्या मात्रेवर टेकायला जाते आणि आघात मात्र पुढे होतो. पुरुष पाय आपटतात, उडी घेऊन हवेतच टाचेवर टाच वाजवतात, एक गुडघा टेकून बसतात आणि जोडीदारीण त्यांच्याभोवती फिरते. शोपँचा जन्म माझोफ्शेतल्याच एका खेड्यात झाला होता. त्यांच्या वादनात पियानोवादक चार्ल्स हॅले यांना तीनऐवजी चार मात्रा ऐकू येत. हॅले यांनी त्या मोजून दाखवल्या, तेव्हा शोपँ हसले आणि हा त्या नाचाचा राष्ट्रीय स्वभावच आहे, असे म्हणाले. पोलंडचे राष्ट्रगीतही माझुरेकच आहे. त्याचे शब्द युझेफ विबित्स्की यांनी १७९७ मध्ये इटलीत लिहिले, म्हणजे पोलंडचे राज्य नकाशावरून पुसले गेल्यानंतर दोनच वर्षांनी, आणि १९२७ मध्ये त्याला अधिकृत मान्यता मिळाली. गमावलेल्या देशाचे गाणे शोकगीताच्या चालीत न येता नाचाच्या चालीत आले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

पुरवणी प्रश्न: मग पोल्का हा नाचही पोलंडचाच का? आणि मराठीत ‘माझुर्का’चे लिंग कोणते धरावे?

उत्तर: पोल्का चेक आहे, दोन मात्रांचा आहे, पोलिशमध्ये ‘पोल्का’ म्हणजे पोलिश स्त्री. ‘माझुर्का’ मराठीत रुळलेला असल्याने तो बदलण्याचे कारण नाही. मात्र तो ‘घोडा’, ‘पंखा’ यांसारखा पुल्लिंगी चालवावा आणि ‘शोपँचा माझुर्का’, ‘माझुर्क्याचा ठेका’ असे लिहावे. म्हणजे फ्रेंचांनी बदललेले त्याचे लिंग मराठीत पुन्हा मूळ पोलिशप्रमाणे होईल.