जे करार, 1794: शहाणी तडजोड की लोटांगण?

सुकाणू:
अमेरिकेचे दूत म्हणून गेलेल्या सरन्यायाधीश जॉन जे यांनी 19 नोव्हेंबर 1794 रोजी लंडनमध्ये ब्रिटनशी केलेल्या करारावरून अमेरिकेत रान पेटलं. त्यांचे पुतळे जाळले, समर्थन करायला उभ्या राहिलेल्या माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनना न्यूयॉर्कमध्ये दगड खावे लागले. तरी माझं मत स्पष्ट आहे: फेडरॅलिस्ट, म्हणजे हॅमिल्टन यांचा करारवादी पक्ष, बरोबर होते. ब्रिटिशांनी वेस्ट इंडीजच्या समुद्रात अडीचशेच्या आसपास अमेरिकन जहाजं धरली होती, स्वातंत्र्ययुद्ध संपवणारा 1783 चा तह होऊनही ग्रेट लेक्सकडचे किल्ले सोडले नव्हते. युद्धाला कारण होतंच. पण लढणार कशाच्या जोरावर? सहा युद्धनौका बांधायचा कायदा 1794 च्या मार्चमधला, त्यातली पहिली पाण्यात उतरली 1797 मध्ये. तिजोरी आयात जकातीवर चालायची आणि माल यायचा मुख्यतः ब्रिटनमधून. करारानंतर 1796 मध्ये ते किल्ले न लढता मिळाले.

मळेवाट:
सहमत नाही. जबरदस्तीने ब्रिटिश आरमारात ओढलेल्या अमेरिकन खलाशांबद्दल करारात एक शब्द नाही. ज्यांच्यासाठी भांडायला जे गेले, त्यातली ही माणसं सर्वांत गरीब होती. (स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांबरोबर गेलेल्या गुलामांची भरपाई मिळाली नाही म्हणून दक्षिणेतले मळेवाले चिडले, त्यांच्यासाठी मला वाईट वाटत नाही.) आणि जे यांच्या हातात हुकमाचं पान उरलं होतं कुठे? स्वीडन-डेन्मार्कच्या सशस्त्र तटस्थतेत (कुणाची बाजू न घेता आपल्या व्यापाराचं शस्त्राने रक्षण करणारी आघाडी) अमेरिका सामील होईल, ही एक धास्ती ब्रिटनला होती. तेव्हा अर्थमंत्री असलेल्या हॅमिल्टननी ब्रिटिश दूत जॉर्ज हॅमंड यांना परस्पर सांगून टाकलं की आम्ही त्यात जाणार नाही. मंत्र्याने असं वागावं?

सुकाणू:
हॅमंड प्रकरणात हॅमिल्टन चुकले, मान्य. पण पर्याय काय होता? व्यापार रोखून ब्रिटनला वाकवता येईल, हा कराराचे विरोधक मॅडिसन-जेफरसन यांचा विश्वास. तो प्रयोग 1807 च्या एम्बार्गोत, म्हणजे परदेशी व्यापारबंदीच्या कायद्यात, झाला. न्यू इंग्लंडची बंदरं ओस पडली, ब्रिटन हललं नाही, 1809 मध्ये कायदा मागे घ्यावा लागला.

जुनं दप्तर:
तुम्ही दोघेही सभागृहाचा मुद्दा सोडताय. सेनेटने करार 20 विरुद्ध 10 मतांनी, म्हणजे नेमक्या दोन-तृतीयांशाने मंजूर केला. कराराच्या अंमलबजावणीसाठी पैसे मंजूर करायची वेळ आली तेव्हा प्रतिनिधिगृहाने वाटाघाटींची कागदपत्रं मागितली आणि वॉशिंग्टननी ती द्यायला नकार दिला. शेवटी पैसे मंजूर झाले ते 51 विरुद्ध 48 मतांनी! एवढ्या काठावरच्या निर्णयात कागद लपवणं मला पटत नाही. गट आधीही होते, पण संघटित राष्ट्रीय पक्षांची घडण याच भांडणात पक्की झाली.
जाता जाता: याच कराराच्या तेराव्या कलमाने ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हिंदुस्थानी बंदरांत अमेरिकन जहाजांना व्यापाराची मुभा मिळाली. आपली मुंबईही त्यात आली.

मळेवाट:
मुंबईचं ठाऊक नव्हतं, आभार. पण युद्ध टळलं म्हणताना पुढचं पान उलटा. 1778 पासूनचा मित्र फ्रान्स तेव्हा ब्रिटनशी लढत होता, तो या करारामुळे बिथरला, 1797 पर्यंत त्याने तीनशेहून जास्त अमेरिकन जहाजं पकडली. मग फेडरॅलिस्ट राष्ट्राध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या काळात समुद्रावर फ्रान्सशी अघोषित युद्ध झालंच. आणि त्याच भीतीवर फेडरॅलिस्टांनी 1798 मध्ये राजद्रोहाचा कायदा आणला. व्हरमाँटचे खासदार मॅथ्यू लायन राष्ट्राध्यक्षांविरुद्ध लिहिलं म्हणून चार महिने तुरुंगात गेले. हा खर्च तुमच्या हिशेबात कुठे धरलाय?

सुकाणू:
तो कायदा मी कधीच समर्थनीय मानणार नाही. पण तो करारात लिहिलेला नव्हता, त्याला चार वर्षांनंतरची फेडरॅलिस्ट काँग्रेस जबाबदार आहे. त्याच ॲडम्सनी स्वतःच्या पक्षाचा रोष पत्करून 1800 मध्ये फ्रान्सशी समेट केला, हेही धरा.