मदत हवी आहे: स्लॅबवर इन्सुलेशन बोर्ड टाकायचेत, पण मिस्त्री तयार नाहीत (अकोला)

नमस्कार मंडळी,

मी सिव्हिल इंजिनीअर. अकोल्यात एका बंगल्याचं काम बघतेय. अकराशे चौरस फुटांची गच्ची, पाच इंची स्लॅब. वॉटरप्रूफिंग पावसाळ्याआधी उरकायचंय आणि नेमकं तिथेच घोडं अडलंय.

घरमालक काका निवृत्त शिक्षक आहेत. त्यांचं सध्याचं भाड्याचं घरही असंच वरून उघड्या स्लॅबचं. एप्रिलमध्ये रात्री दहा वाजता तिथलं छत मी आतून इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजलं, तर ४१ अंश. अंगणात तेव्हा ३३ होतं. दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन स्लॅब रात्रभर खाली सोडत राहतो आणि पंखा तीच हवा अंगावर ढकलतो. काकू रोज गादी ओढत गॅलरीत नेतात. उंबऱ्यावर घासून गादीची एक कड फाटलीय, तिला जुन्या साडीचं ठिगळ लावलंय. ते बघितलं तेव्हाच ठरवलं, नव्या घरात हे होऊ द्यायचं नाही.

माझं गणित असं. नुसत्या स्लॅबची यू-व्हॅल्यू (आत-बाहेर एका अंशाचा फरक असला की दर चौरस मीटरमधून किती वॅट उष्णता जाते तो आकडा) साधारण ३.३ येते. वर चार इंच विटांच्या तुकड्यांचा कोबा धरला तरी २.४ च्या आसपासच. बीईईच्या (केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो) २०१८ च्या इको निवास संहितेत (घरांसाठीचे ऊर्जाबचतीचे नियम) छतासाठी कमाल मर्यादा १.२ आहे. आमचा प्लॉट ५०० चौरस मीटरपेक्षा लहान, त्यामुळे संहिता आम्हाला लागू नाही. पण मोजायला पट्टी हवी म्हणून तीच धरली. कोब्याखाली एक इंच एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा कडक फोम) टाकला की आकडा ०.८ च्या जवळ येतो, दोन इंचाने ०.५.

पांढरा रंगही सुचवून पाहिला. तो उपयोगी आहेच, पण आमच्याकडे काळ्या मातीची धूळ इतकी बसते की गच्ची सतत धुवावी लागेल. या वयात काका-काकूंना ते जमणारं नाही.

आता अडचण. मिस्त्रींनी तीस वर्षं कोबे घातलेत, त्यांच्या कामाबद्दल मला पूर्ण आदर आहे. ते म्हणतात, फोमवर कोबा दबेल आणि तडकेल, आणि बोर्डाखाली पाणी शिरलं तर गळती कुठून होतेय तेच कळायचं नाही. "मॅडम, गळलं तर मालक शिव्या मलेच देतीन, तुमाले नाही." हे त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नाही, कारण ते खरं आहे.

दबण्याचं उत्तर माझ्याकडे आहे. चार इंच कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या आत, म्हणजे दाब सुमारे २ किलोपास्कल. बोर्ड २५० किलोपास्कलच्या वर दाब सोसणारा घेतेय. पण पाण्याचं काय सांगू? ज्यांनी असं काम करून चार-पाच पावसाळे काढलेत त्यांनी कृपया सांगा: थर कुठल्या क्रमाने घेतलेत? एक इंच पुरतो का?

प्रतिसाद

ताई, मिस्त्रींची भीती रास्त आहे. अशा गच्च्या गळताना मी बघितल्यात, आणि दरवेळी चूक एकच असते: ढाळ फक्त कोब्याला दिलेला. पाणी सांध्यांतून बोर्डाखाली जाणारच. त्यामुळे स्लॅबवर आधी पातळ ढाळ, त्यावर वॉटरप्रूफिंग, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) बुडाशी कोपऱ्यात गोलसर वाटा, मग बोर्ड, जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं जाड कापड), वर कोबा. पाण्याचं आउटलेट वॉटरप्रूफिंगच्या पातळीला हवं, कोब्याच्या नाही. खालचं पाणीही तिथूनच निघालं पाहिजे.

बोर्ड टाकण्याआधी गच्चीत पाणी भरून तीन दिवस ठेवा, मिस्त्री आणि मालक दोघांसमोर. गळती असेल तर तेव्हाच दिसेल आणि नंतर कोणी कोणावर बोट दाखवणार नाही. सॉल्व्हंटवाला प्रायमर किंवा गरम डांबर बोर्डाला लागू देऊ नका, तो विरघळतो किंवा वितळतो. बोर्ड उन्हात उघडे ठेवू नका, पिवळे पडून भुकटी सुटते. शिवाय वळवाच्या वाऱ्यात उडतात. आमचे चार शेजारच्या शेतात सापडले होते. जेवढे अंथराल तेवढ्यावर त्याच दिवशी कोबा.

जाडीचं म्हणाल तर सगळ्यात मोठा फायदा पहिल्या इंचातच मिळतो. पैसे कमी असतील तर एक इंच घ्या, उरलेले पश्चिमेच्या खिडक्यांवर छज्जा काढायला वापरा.

धागाकर्ती

मनापासून आभार. आउटलेटचं माझ्या ड्रॉइंगमध्ये चुकलंच होतं, मी ते कोब्याच्या पातळीला दाखवलं होतं. आज मिस्त्रींना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत, उठून लेव्हल ट्यूब (पातळी बघायची पाण्याची नळी) घेऊन वर गेले आणि आउटलेट किती खाली घ्यावं लागेल ते स्वतः मोजून आले. शनिवारी पाणी भरतोय.

त्यांनीच एक शंका काढलीय: पॅरापेटची भिंत स्लॅबला टेकलेलीच आहे, तर उष्णता तिथून उतरेल की नाही? बोर्ड पॅरापेटच्या आतल्या अंगाने वर वळवायचा का, आणि वळवला तर त्यावर गिलावा टिकतो का?